गेडिसच्या दुकानातला हिरवा कर्णा

रिव्हर्टन
११ फेब्रुवारी १९९१

प्रिय आयव्हर,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच शेल्फवर टाकून देऊ नकोस. ख्रिसमसचं कार्ड सोडलं तर सतरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. का लिहिली नाही ते तुला माहीत आहे, नसलं तर पुढे कळेलच.

आमच्या गावच्या हॉलमध्ये ईस्टरच्या शनिवारी जुन्या दुकानांचं प्रदर्शन आहे. प्रत्येक दुकानाला एक टेबल. वॉटी गेडिस आजोबांच्या सायकलींच्या दुकानालाही मिळालंय. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे, पण बातमी कळल्या दिवशी तिने स्वतः उठून बैठकीतल्या फोनोग्राफवरची धूळ पुसली. आजोबांनी दुकानात विकायला आणलेल्यांपैकी ही शेवटची गाणारी पेटी, मग टेबलावर दुसरं काय ठेवणार?

तर परवा अरोहा आली होती. ती शाळेत इतिहास शिकवते आणि प्रदर्शनाची सगळी मांडणी तिच्याकडे आहे. गोड मुलगी. तिने पेटी पुढून पाहिली, मागून पाहिली, कर्ण्यावर नखाने टिचकी मारली आणि फार अदबीने आईला म्हणाली, "मिसेस हॅगर्ट, हा कर्णा अलीकडचा आहे. नक्कल आहे. अशी जोडलेली वस्तू गेडिसच्या दुकानातली म्हणून नाही हो मांडता येणार."

आई म्हणाली, "ज्याने लावला त्याला विचार."

तो तू लावलास, आयव्हर. आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला सगळं गोत जमलेलं असताना तू पेटीखाली सरपटत गेलास आणि बाहेर येऊन भाषण केलंस की कर्णा गावठी आहे, असला कर्णा अमेरिकेतल्या कंपनीने जन्मात केला नाही, आणि आजोबांनी 'अमेरिकन माल' म्हणून हे विकलं असेल तर म्हातारा मोठा बनेल होता. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आई केक कापायचा सोडून स्वयंपाकघरात गेली, हे तुझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या महिन्यात तू तो लालभडक, चकचकीत कर्णा घेऊन आलास, जुना हिरवा काढून नेलास, आणि इतक्या उत्साहाने सगळं केलंस की नाही म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आता मला दोन गोष्टी हव्यात. त्या पेटीत खरं काय आणि खोटं काय हे कसं ओळखायचं ते मला समजेल असं लिही. आणि हिरवा कर्णा कुठे आहे ते सांग. आईला या वयात दुसरं काही नको आहे. फक्त त्या टेबलावर तिच्या वडिलांचं नाव लागावं आणि त्याच्यापुढे कुणी प्रश्नचिन्ह काढू नये, एवढंच.

तुझी मावसबहीण,
नोलीन

ता.क. आयव्हर, मी अजून आहे. – एफीमावशी

*

टिमारू
१६ फेब्रुवारी

प्रिय नोलीन,

तुझं पत्र बघून मनापासून आनंद झाला. तो साधारण निम्म्या पत्रापर्यंत टिकला.

बनेल हा शब्द मी वापरला असेल तर तो वाइनचा दोष. पण कर्ण्याबद्दल जे बोललो ते शुद्धीत बोललो. जुने फोनोग्राफ जमवणाऱ्यांच्या मंडळाचा मी बावीस वर्षं परीक्षक आहे. लोक ऑकलंडहून माझ्याकडे पेट्या घेऊन येतात आणि बरेचदा रडत परत जातात. तेव्हा आता नीट वाच, आणि पेटीजवळ बसूनच वाच.

समोरून बघायचंच नाही. नक्कल करणारा सगळा जीव समोरच्या बाजूला ओततो, कारण घेणारा तिथेच भुलतो. पेटी आडवी कर, टॉर्च घे. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असली तर जुना, फुली असली तर नवा, कारण आजोबांच्या काळात फुलीचे स्क्रू नव्हतेच. खालचं लाकूड बघ. जुन्या लाकडाचा काळपटपणा आत मुरलेला असतो, चहाचं पाणी लावून आणलेला काळपटपणा कडांना जास्त दिसतो. मग झीज बघ. खऱ्या पेटीला माणसाचा हात जिथे लागतो तिथेच ती झिजते, किल्लीपाशी, थांबवायच्या खिट्टीपाशी, झाकणाच्या उजव्या कोपऱ्यापाशी. नकली वस्तू सगळीकडे सारखी झिजलेली असते, कारण ती एकाच दुपारी पॉलिश पेपरने झिजवलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जे भाग वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिले त्यांच्या खुणा एकमेकांवर उमटतात. एकाने दुसऱ्याला घासलेलं असतं. अशी खूण मिळाली की मी कंपनीची छापील यादीसुद्धा बाजूला ठेवतो. मंडळात नव्या येणाऱ्यांना मी हेच पहिलं शिकवतो.

लाल कर्णा नक्कल आहे हे मी कधीच लपवलं नाही. पण ती बरोबर नक्कल आहे. कंपनीच्या यादीत त्या पेटीला तसाच कर्णा दाखवलाय, पाकळ्या असलेला. अरोहाबाईंना सांग की पेटी अस्सल आहे आणि कर्णा मूळच्या बरहुकूम नवा आहे. तसं कार्ड लावा आणि मोकळे व्हा.

हिरव्याचं म्हणशील तर असेल कुठेतरी. शोधावं लागेल.

मावशीला नमस्कार. ती आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

आयव्हर

*

रिव्हर्टन
२४ फेब्रुवारी

प्रिय परीक्षकसाहेब,

रविवारी प्रार्थनेहून आले, जाडे मोजे घातले आणि बैठकीच्या फरशीवर उताणी पडले. आईने खुर्ची ओढून घेतली आणि तुझं पत्र मोठ्याने वाचत देखरेख केली. शेजारची बाई चीज रोल घेऊन आली, दारातून माझे पाय बघितले आणि ताट ठेवून निघून गेली. गावात आता काय बोलत असतील देव जाणे.

सगळे स्क्रू सरळ खाचेचे. लाकूड खालून एकसारखं काळं. किल्लीपाशी झीज आहे, खिट्टीपाशी आहे, आणि झाकण उजव्या कोपऱ्यापाशी नाही तर डाव्या कोपऱ्यापाशी झिजलंय. मी घाबरले. आई म्हणाली, "आमचे बाबा डावरे होते, लिही त्याला."

मग तुझी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केली. लाल कर्णा ज्या निकेल चढवलेल्या लोखंडी कोपरात, म्हणजे वाकड्या नळीत, बसतो त्यातून तो काढला. (निघता निघेना. तू काय लावलं होतंस, डांबर?) कोपराच्या आतल्या बाजूला, अगदी गळ्याशी, गोल फिरून एक पट्टा आहे, माझ्या करंगळीएवढा रुंद. हिरवा. धातूत घासून घासून बसलेला. ओल्या कपड्याने पुसला तरी जात नाही. आयव्हर, मी तज्ज्ञ नाही, पण लाल कर्णा हिरव्या खुणा करत नाही एवढं मलाही समजतं.

मी आईला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "हो मग. सगळ्यांचेच हिरवे होते."

सगळ्यांचे म्हणजे? तर ऐक. जहाजावर सामानाचं भाडं जागेवर होतं. एक कर्णा तीन पेट्यांएवढी जागा खायचा आणि वर पोचेपर्यंत चेपायचा. म्हणून आजोबा पेट्या कर्ण्याशिवाय मागवायचे. शेजारी मरडॉक पत्रेवाल्याचं दुकान होतं, दुधाचे कॅन आणि बादल्या करायचा तो. आजोबांनी त्याच्याकडून कर्णे करून घेतले. रंग बंदरावरच्या होड्यांचा, उरलेला. गिऱ्हाइकाला सांगून विकायचे, पेटी अमेरिकेची, कर्णा मरडॉकचा, वाजला नाही तर मरडॉकला धरा.

म्हणजे आजोबांनी कुणाला बनवलं नव्हतं. मी आईला विचारलं की मग हे तू त्या वाढदिवसाला का नाही बोललीस? ती म्हणाली, "त्याने विचारलं कुठे? तो बोलत होता."

आता हिरवा कर्णा पाठव.

नोलीन

*

टिमारू
२ मार्च

प्रिय नोलीन,

पत्र चार वेळा वाचलं. तू फरशीवर छान काम केलंस, माझ्या काही सभासदांहून छान.

पण मी परीक्षक आहे आणि घरोघरच्या आठवणी ऐकून माझे केस पांढरे झालेत. प्रत्येक घरातली पेटी कुठल्या तरी गव्हर्नरने भेट दिलेली असते. मावशी त्या वेळी आठ-नऊ वर्षांची असेल. त्या वयातलं माणसाला आठवतं आणि नसलेलंही आठवतं.

हिरव्या पट्ट्याने एवढंच ठरतं की तो कर्णा त्या कोपरात बरीच वर्षं होता. पहिल्यापासून होता हे ठरत नाही. आधी कंपनीचा कर्णा असेल, तो मोडला असेल, आणि मग मरडॉकने हा करून दिला असेल. असंच सहसा घडतं. खरं काय ते त्या पट्ट्याच्या खाली कळेल. आधी दुसरा कर्णा बसत असता तर त्याने निकेलवर ओरखडे काढले असते आणि हिरवा रंग त्या ओरखड्यांत उतरला असता. चाकू लावू नकोस! पुन्हा लिहितो, चाकू लावू नकोस! टर्पेंटाइनचा एक थेंब, कापसाचा बोळा, तांदळाच्या दाण्याएवढीच जागा, आणि भिंग.

हिरवा कर्णा सध्या तसा हाताशी नाही. ईस्टरला मंडळाचं वार्षिक संमेलन आहे, त्याच्या गडबडीत आहे. ते झालं की बघू.

आयव्हर

*

रिव्हर्टन
७ मार्च

आयव्हर,

तांदळाच्या दाण्याएवढी जागा पुसली. भिंग आईचं, क्रॉसवर्डवालं. खाली निकेल कोरं करकरीत आहे, एक ओरखडा नाही. आई बघायला आली आणि तिनेही मान डोलावली. अरोहालाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली की कर्णा समोर असेल आणि मिस्टर प्रिंगल यांची, म्हणजे तुझी, सही असेल तर कार्ड लगेच लिहिते. तुझं नाव तिलाही ठाऊक आहे. मला आश्चर्यच वाटलं.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी गोर गावात लोकरीच्या दुकानात ओळखीतला लेक्स डनेज भेटला. तो तुमच्या मंडळात आहे हे मला नव्हतं माहीत. मी सहज आमच्या कर्ण्याची कथा सांगितली, तर त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग त्याने सांगितलं.

तू दर ईस्टरला संमेलनात 'नकली कसं ओळखावं' हे व्याख्यान देतोस. टेबलावर एक वस्तू मखमली कपड्याखाली झाकलेली असते. शेवटी कपडा ओढतोस आणि लोक टाळ्या वाजवतात. तिला तुम्ही 'रिव्हर्टनचं भूत' म्हणता. काठाला आत कुंपणाची तार वळवलेली दाखवून तू विचारतोस, "अमेरिकेतल्या कारखान्याला मेंढ्यांचं कुंपण घालायचं होतं का?" आणि सगळा हॉल हसतो. सोळा वर्षं!

ते भूत म्हणजे आपल्या घरचा हिरवा कर्णा, आणि ते आपल्या आजोबांचं आहे, आयव्हर. माझ्या आजोबांचं आणि तुझ्याही आजोबांचं. मला राग आलाय आणि मी तो लपवणार नाही. आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. तिने काढून घेतलं. हसेल की रडेल कळेना. मग तिने पेन मागितलं.

नोलीन

ता.क. लेक्स म्हणतो की रंग एखाद्या शेंबड्या पोराने फासल्यासारखा आहे असंही तू सांगतोस. ते बरोबर ओळखलंस. मी नऊ वर्षांची होते. शाळा सुटली की मरडॉककडे बसून कर्णे मीच रंगवायचे. एका कर्ण्याला एक सफरचंद मिळायचं. – एफी

*

टिमारू
१७ मार्च

प्रिय नोलीन, प्रिय मावशी,

दहा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण दहा वेळा लिहून फाडलं.

सगळं खरं आहे. मखमली कपडा खरा, टाळ्या खऱ्या, मेंढ्यांचं वाक्यही खरं, आणि ते वाक्य मला फार आवडायचं. तुझं पत्र आल्यावर मी कर्णा खाली उतरवला, भिंग घेतलं आणि तो पहिल्यांदा नीट बघितला. सोळा वर्षं मी तो लोकांना दाखवत होतो, स्वतः बघतच नव्हतो. गळ्याशी करंगळीएवढ्या रुंदीत रंग उडून पत्रा उघडा पडलाय, आणि तिथे कोपरातलं निकेल घासून चकाकतंय. मी जे नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो तेच. मी वाढदिवसाला पेटीखाली सरपटलो तेव्हा माझ्या खिशात कंपनीची यादी होती. यादीत पाकळ्यांचा कर्णा होता, समोर तो नव्हता, आणि मी तिथेच थांबलो. टॉर्च खिशातून काढलासुद्धा नाही.

आतल्या बाजूला, अगदी खोल, एक अंगठ्याचा ठसा आहे, रंगात उमटलेला. लहान आहे. मी दर वर्षी तो 'निष्काळजी कामाचा पुरावा' म्हणून दाखवायचो. मावशी, तो तुझा आहे. खुर्चीत बसून राहिलो आणि चहा गार झाला.

कर्णा उद्याच्या बसने येतोय. गव्हाच्या दोन पोत्यांत गुंडाळलाय, ड्रायव्हरला दम दिलाय. सोबत कार्डही लिहून सही करून ठेवलंय.

मी येऊ शकत नाही. संमेलन त्याच शनिवारी आहे, आणि त्या दिवशी मला इथेच उभं राहावं लागेल. मला भीती वाटते आहे हेही लिहून टाकतो. बावीस वर्षांत मी त्या लोकांसमोर एकदाही चुकलो नव्हतो. निदान कुणी तसं म्हटलं नव्हतं.

तुमचा,
आयव्हर

*

रिव्हर्टन
२१ मार्च

प्रिय आयव्हर,

पोचला. इनव्हर्कार्गिलच्या पुढे ड्रायव्हरने तो म्हणे स्वतःच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. तू काय दम दिलास त्याला?

पोती सोडली तेव्हा आई खिडकीपाशी होती. म्हणाली, "इकडे आण." मांडीवर घेतला, आत हात घातला आणि न बघता अंगठा बरोबर त्या ठशावर नेऊन ठेवला. आता तो ठशापेक्षा दुप्पट मोठा आहे. म्हणाली, "या एकाला सफरचंद मिळालं नव्हतं. ठसा उमटला म्हणून मरडॉकने दिलं नाही. बाबांनी मात्र मुद्दाम हाच घरी ठेवून घेतला." मग तो कर्णा तिने चहा होईपर्यंत सोडलाच नाही.

कोपरात घातला तेव्हा नुसता ठेवल्यासारखा बसला. डांबर लागलं नाही.

आता तुझ्या कार्डाचं. तू लिहिलंयस, 'गेडिस यांच्या दुकानातली गाणारी पेटी, १९०८. पेटी अमेरिकेची, कर्णा रिव्हर्टनचा, दोन्ही अस्सल.' इथपर्यंत उत्तम. त्याच्याखाली सात ओळींत स्वतःला शिव्या दिल्या आहेस. आईने त्या सात ओळी कात्रीने कापून टाकल्या आणि म्हणाली, "कार्ड बाबांचं आहे. याला स्वतःबद्दल लिहायचं असेल तर दुसरा कागद घे म्हणावं." सही ठेवलीय.

मी रागावले होते ते आता बरंच ओसरलंय. पूर्ण नाही. ब्लफ बंदरातल्या कालवांचा हंगाम सुरू झालाय, ये म्हणजे उरलेलंही ओसरेल.

शनिवारी उभा राहा. आम्ही इथे तुझी आठवण काढू.

नोलीन

*

टिमारू
३१ मार्च, ईस्टरचा रविवार

प्रिय नोलीन,

गुडघे अजून दुखतायत. काल बराच वेळ उभा होतो, तशी सवय राहिली नव्हती.

साठेक माणसं होती. टेबलावर मखमली कपडा होता, पण सपाट पसरलेला. लोक कुजबुजायला लागले की यंदा भूत कुठे आहे. मी म्हणालो, "ते घरी गेलं." हशा झाला. त्यांना वाटलं ही नवीन गंमत आहे. मग मी सगळं सांगितलं, वाढदिवसाच्या केकपासून ते सफरचंदापर्यंत. यादी पाहिली आणि टॉर्च खिशातच राहिला, हेही सांगितलं. मावशी नऊ वर्षांची होती हेही सांगितलं.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन पेट्या विकायला काढू. तेवढ्यात मागून लेक्स डनेज उठला. म्हणाला, "आयव्हर, त्र्याऐंशी साली तू सांगितलंस म्हणून मी माझा हिरवा काढून तुझ्याकडून लाल घेतला. हिरवा कोकरांच्या शेडमध्ये आहे, त्यातून मी दाणा ओततो." मग बालक्लुथाची एक बाई उठली, तिच्या हिरव्यावर वाटाण्याचे वेल चढलेत. तिसऱ्याने आपला कोंबड्यांच्या घरावर पाऊस अडवायला ठोकलाय, खिळे मारून! नोलीन, मी सोळा वर्षं शहाण्यासुरत्या माणसांना खऱ्या वस्तू मोडून खोट्या लावायला शिकवत होतो, आणि ती माझे आभार मानत होती.

मी परीक्षकपदाचा राजीनामा लिहून नेला होता. अध्यक्षांनी तो वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. म्हणाले, आता कुठे तू कामाचा झालायस. दुपारी सगळे मला सोडून आपापल्या गाड्यांकडे पळाले. कुणाकुणाच्या शेडमध्ये काय काय काढून ठेवलंय याच्या याद्या चालल्या होत्या. इतकं मजेदार संमेलन झालं नव्हतं कधी.

प्रदर्शनाचं सगळं लिही. काही गाळू नकोस. मावशी काय म्हणाली ते शब्दशः.

आयव्हर

*

रिव्हर्टन
३१ मार्च

प्रिय आयव्हर,

तुझं कसं झालं हे कळेपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून आधी इथलं लिहिते. पत्रं बहुतेक वाटेतच एकमेकांना ओलांडतील.

काल आईने सकाळी साडेआठला निळा ड्रेस घालून मला उठवलं. हॉलमध्ये तिला टेबलाशेजारी खुर्ची दिली होती. ती तिने ओढून थेट टेबलासमोर घेतली, म्हणजे कुणालाही तिच्याशी बोलल्याशिवाय पेटी बघता येईना. येईल त्याला कार्ड मोठ्याने वाचायला लावत होती. शाळेतली पोरं, पाद्री, दोन जर्मन प्रवासी, कुणाला सोडलं नाही. जर्मनांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

अकराला अरोहाने तबकडी लावली. काय सांगू तुला! दुधाच्या कॅनमध्ये तोंड घालून कुणी गातंय असा आवाज. तुझा लाल कर्णा शंभर पटींनी बरा वाजायचा, हे मी आईपासून दूर जाऊन लिहिते आहे. लोक आदराने गप्प उभे राहिले. आईच म्हणाली, "भयंकर आहे ना? म्हणून तर अकराच विकल्या."

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा आला, टुआटापेरेच्या बाजूचा शेतकरी. आर्ची नाव. आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. सून त्याला चष्मा गाडीत राहिला म्हणून रागावत होती. तो टेबलांवरून नुसता हात फिरवत, काही न वाचता चालला होता. आमच्या टेबलाशी आला आणि थांबला. टोपी काढली.

"अगं, हा तर गेडिसचा कर्णा," तो सुनेला म्हणाला. "आमच्याकडे होता. बाबांनी रिव्हर्टनहून सायकलवर आणला. पेटी मागे बांधली आणि वाटेत पाऊस लागला म्हणून कर्णा डोक्यात घातला. आई म्हणायची, गेडिसने एक रुपयाचं खोटं सांगितलं नाही, आवाज वाईट आहे हेसुद्धा आधीच सांगितलं."

सून म्हणाली, "एक शिलिंगचं, बाबा, रुपयाचं काय. तुम्ही भारतात होतात युद्धात, तेव्हापासून हिशेब असाच."

तो आईकडे वळला आणि विचारलं, तुम्ही कोण? सकाळपासून हॉलभर जिचा आवाज घुमत होता, तिला एक शब्द बोलवेना. माझा हात घट्ट धरून बसली. मीच सांगितलं की ही वॉटी गेडिसची मुलगी. त्याने वाकून तिचा हात हातात घेतला. अरोहा पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही, बहुधा ती स्वतःच कुठेतरी रडत होती.

रात्री जेवताना आईने ब्लू कॉड माशाचा तुकडा ताटात तसाच ठेवला. मी घाबरून कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. आज सकाळी बनला लोणी लावता लावता मी विचारलं, "आयव्हरला लिहितेय. तुझ्याकडून काय लिहू?"

तिने बन ताटलीत ठेवला.

"लिही," म्हणाली, "एका माणसाने चष्म्याशिवाय ओळखला."

तुझी,
नोलीन